वेलणकर जिंकत नाही

नमस्कार. गोविंद निहलानींच्या ‘अर्ध सत्य’ (१९८३) या सिनेमावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. चिडलेला इन्स्पेक्टर ‘अर्ध सत्य’च्या दहा वर्षं आधी, १९७३ च्या ‘जंजीर’नेच आणला, त्यामुळे ‘इथून पोलीसपट बदलला’ हे माझं विधान चूक. आणि शेवटी ‘अर्ध सत्य’चा नायक, पोलीस अधिकारी अनंत वेलणकरही (ओम पुरी) गुंडाला मारूनच मोकळा होतो, म्हणजे गुंडांना थेट गोळ्या घालणाऱ्या पोलिसांच्या आजच्या एन्काउंटरपटांचं मूळ याच सिनेमात आहे.

पहिल्या आक्षेपातला अर्धा भाग मान्य. ‘जंजीर’चं नाव मी घ्यायलाच हवं होतं. पण त्यातल्या इन्स्पेक्टर विजयचा राग लहानपणी आईबापांच्या खुनातून आलेला आहे आणि खुनी तेजा मेला की तो हिशेब चुकता होतो. अनंत वेलणकरचा हिशेब कोणाशी आहे? निवृत्त हवालदार बापाशी, ज्याने त्याला जबरदस्तीने खात्यात ढकललं. वरिष्ठांशी, जे त्याची कामगिरी दुसऱ्याच्या नावावर लावतात. आणि स्वतःशी. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, ती या सगळ्या गाठी एकाच माणसात बांधत जाते. खात्यातून फेकला गेलेला, दारूत बुडालेला माइक लोबो (नसीरुद्दीन शाह) दिसतो तेव्हा वेलणकर त्याच्याकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर ‘जंजीर’मध्ये नाही.

आता शेवट. तो फक्त गळा दाबण्यापासून आठवू नका, थोडं मागे जा. दारूच्या नशेत वेलणकर कोठडीतल्या एका किरकोळ चोराला मारतो आणि तो माणूस मरतो. नोकरी वाचवायला हा जातो कुणाकडे? गुंड रामा शेट्टीकडे! ज्याला बेड्या घालायला गेला होता, त्याच्याच दारात हात पसरायला. शेट्टी झालेल्या सदाशिव अमरापूरकरांनी तिथे काय केलंय ते बघा. आरडाओरडा नाही, खलनायकी हसू नाही. मदत मागणाऱ्या माणसाशी शेट्टी मालकासारखा बोलतो, बस्स. त्या क्षणी ओम पुरींच्या चेहऱ्यावर शौर्य दिसतच नाही. दिसते ती आपण विकले गेलो हे कळल्याची लाज. खून त्या लाजेतून होतो. मग तो चौकीत जाऊन आपण शेट्टीला मारलं हे स्वतःच सांगतो.

दिलीप चित्र्यांच्या कवितेतला तराजू आठवा. एका पारड्यात नपुंसकत्व, दुसऱ्यात पौरुष, आणि काट्यावर अर्धसत्य. वेलणकरची मैत्रीण ज्योत्स्ना (स्मिता पाटील) ती कविता त्याच्या हातात देते आणि तो मोठ्याने वाचायला लागतो. वाचता वाचता त्याचा आवाज बदलत जातो. पुढचा सगळा सिनेमा मला त्या बदललेल्या आवाजात ऐकू येतो.

एन्काउंटरपटांबद्दल तुम्हाला जी चीड आहे, ती मलाही आहे. त्यांनी या सिनेमातला खून उचलला, पण कोठडीतलं प्रेत मागेच ठेवलं. त्याचा दोष निहलानींच्या माथी मारणं मला पटत नाही. प्रभाव शोधायचाच तर ‘शूल’मध्ये (१९९९) शोधा. भर विधानसभेत गुंड आमदार बच्चू यादवला गोळी घालणारा इन्स्पेक्टर समर प्रताप सिंह मला वेलणकरचा धाकटा भाऊ वाटतो. तोही आधी खात्यात एकटा पडतो, मग घरात.

‘जंजीर’चा उल्लेख मूळ लेखात आजच जोडतो. शेवटाबद्दलचं माझं मत मात्र तसंच राहील. शेट्टीच्या घरातला तो प्रसंग पुन्हा बघून तुम्हाला काय वाटलं, ते जरूर कळवा.