ग्रह दिसला नव्हता, तारा डोलताना आढळला
महाश्व तारकासमूहातील ‘५१ पेगासी’ या ताऱ्याभोवतीचा वायुरूप महाग्रह १९९५ मध्ये ‘दिसला’, असे लेखात म्हटले आहे. तो शब्द कृपया दुरुस्त व्हावा. त्याचा शोध लावणारे खगोलशास्त्रज्ञ मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांना ग्रह दिसला नव्हता, तर त्याच्या ओढीने सेकंदाला सुमारे ५५ मीटर वेगाने मागेपुढे होणारा तारा त्यांनी ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातील (रंगांच्या पट्ट्यातील) रेषांच्या सूक्ष्म सरकण्यावरून ओळखला, आणि या शोधाचे खरे सौंदर्य, माझ्या मते, त्यातच आहे. आपल्या सूर्यमालेतील वायुरूप महाग्रह गुरूला सूर्यप्रदक्षिणेस जवळजवळ १२ वर्षे लागतात. हा ग्रह मात्र सव्वाचार दिवसांत फेरी पूर्ण करतो. ताऱ्याच्या इतक्या निकट असा ग्रह घडणे कठीण असल्याने तो दूर जन्मून आत सरकला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. लेखात त्याचाही उल्लेख हवा होता.