प्रवेशिकांमध्ये बायका कशा वाढवाव्यात

डिजिटल कलेची स्पर्धा भरवताय? छान. मग एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा: बायका हव्यातच. किती हव्यात? प्रसिद्धिपत्रकात शोभून दिसतील इतक्या. परीक्षक मंडळाचं नंतर बघता येईल, ते तसंही आपल्याच ओळखीतलं असतं.

या बाबतीत कित्ता गिरवावा तो हॅम्बुर्गच्या कुन्स्थाले संग्रहालयाचा. १९९७ साली त्यांनी इंटरनेटवरच्या कलेची स्पर्धा जाहीर केली, नाव ‘एक्स्टेन्शन’. प्रवेशिकांचा पाऊस पडला. संग्रहालयाने अभिमानाने कळवलं: २८० स्पर्धक, त्यात दोन-तृतीयांश बायका! तिन्ही बक्षिसं पुरुषांना गेली, पण ते सोडा. गुणवत्तेपुढे आपण कोण?

घोळ एवढाच झाला की त्या बायकांचा मोठा जथा एकाच बाईने घडवला होता. कॉर्नेलिया झोल्फ्रांक तिचं नाव. प्रत्येकीला वेगळं नाव, वेगळा पत्ता, वेगळा ईमेल, देशसुद्धा निरनिराळे. एवढ्या जणींच्या कलाकृती कोण करत बसणार, म्हणून तिने संगणकाचा एक प्रोग्रॅमच कामाला जुंपला. तो इंटरनेटवरची पानं गोळा करी आणि फाडून-जोडून नवं पान काढी. गोधडीच म्हणा ना! परीक्षकांना कसलीच शंका आली नाही. शेवटी निकालाच्या वेळी तिने स्वतःच सगळं सांगून टाकलं. ‘फीमेल एक्स्टेन्शन’ हीच मुळी तिची कलाकृती होती.

याने बिचकून जाऊ नका, फायदा बघा. न जन्मलेली बाई प्रवासखर्च मागत नाही, निकालावर वाद घालत नाही, समूहछायाचित्रात मधली खुर्ची अडवत नाही. टक्केवारी मात्र भरते.

खऱ्या बायका आल्याच, तर त्यांना आवाजाचं काम द्यावं. सूत्रसंचालन, स्वागत, नाहीतर घरातल्या हुकूम ऐकणाऱ्या बोलक्या यंत्राचं ‘हो, दिवा लावते’. अमेरिकेतल्या लॉरेन ली मॅकार्थी या कलाकार बाईने २०१७ मध्ये याचाच उलटा उद्योग करून ठेवला. लोकांच्या घरात कॅमेरे, माइक, दिव्यांची बटणं, कुलपं, नळ अशी सगळी जोडणी करायची आणि दूर बसून चोवीस तास ते घर स्वतः सांभाळायचं. यंत्राच्या जागी जिवंत बाई. कामाचं नावही ‘लॉरेन’. हाक मारली की हजर, न मारताही लक्ष. आता यात कला कुठली, सांगा! आपल्याकडे आई हेच करते, तेही कॅमेऱ्याशिवाय, आणि तिला कुणी गॅलरीत नेलेलं ऐकिवात नाही. शिवाय ही बाई कोड लिहिते. कलाकारांना प्रोग्रॅमिंग सोपं व्हावं म्हणून पी५.जेएस हे कोड लिहिण्याचं साधन तिनेच सुरू केलं. हे उद्घाटनाच्या भाषणात मात्र सांगू नये. ‘मिस्टर आयटीत असतील’ असं धरून बसलेल्या पाहुण्यांची पंचाईत होते.

बाईचा फोटो पोस्टरवर हवाच असेल, तर तोही जपून. अमालिया उलमन या कलाकार बाईने २०१४ मध्ये इन्स्टाग्रामवर प्रेमभंगापासून छातीच्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळं मांडलं. लोक हळहळले, खवळले, लाइक देत राहिले, आणि ते निघालं आधीपासून ठरवून केलेलं नाटक. २०१६ मध्ये ते काम लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात लागलं. तुम्ही तेव्हा लाइक दिला होता का, हे घरी बोलू नका.

तेव्हा पुढच्या वर्षी नियमावलीत एक कलम घाला: महिला स्पर्धकांनी आपण खऱ्या असल्याचा पुरावा जोडावा. पुरुषांना नको, ते असतातच. तरीही शंका उरली तर फोन लावा आणि पलीकडच्या आवाजाला म्हणा, ‘जरा दिवा लाव बघू.’ लगेच लावला, तर यंत्र आहे, निर्धास्तपणे यादीत घ्या. ‘का?’ असं विचारलं, तर बाई खरी आहे. प्रवेशिका तूर्त बाजूला ठेवा.