आय सेव्हन मागितला तरी रायझन का सुचवला: दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. स्टार किती द्यायचे हा तुमचा अधिकार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्ही लिहिलेलं वाचून उद्या आणखी कुणी मुलांसाठी पीसी घ्यायला बाहेर पडेल, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंटेल कंपनीचा आय सेव्हन प्रोसेसर (पीसीचा मेंदू) मागितला असताना आम्ही तिच्या स्पर्धक एएमडीचा रायझन ५ गळ्यात मारला; ऑनलाइन आय सेव्हनचा पूर्ण पीसी याहून स्वस्त मिळत होता (स्क्रीनशॉट तुम्ही जोडलाच आहे); आणि एएमडी गरम होतो हे माहीत असूनही दुकानदार कमिशनसाठी तोच खपवतात.

आधी स्क्रीनशॉट. त्यात ठळक अक्षरांत "आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी" असं आहे. जनरेशन, म्हणजे प्रोसेसरची पिढी, कुठेच लिहिलेली नाही. मात्र फोटो मोठा करून पाहा, खालच्या ओळीत मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड) "एच६१" आणि रॅमपुढे "डीडीआर३" (जुन्या प्रकारची रॅम) आहे. एच६१ चिपसेट (बोर्डवरची मुख्य चिप) २०११ चा. त्यावर इंटेलची दुसरी आणि तिसरी जनरेशनच बसते. म्हणजे तो आय सेव्हन फार तर आय७-३७७० असणार, २०१२ मध्ये बाजारात आलेला, चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग). त्या काळी तो उत्तम प्रोसेसर होता, आम्हीही भरपूर विकला. पण विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या यादीत तो नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉलेजची अजून काही वर्षं काढायची असलेल्या मुलीला असा पीसी देणं मला पटलं नसतं.

आय सेव्हन हे नाव २००८ पासून चालत आलंय. सेकंडहॅन्ड गाडी घेताना आपण आधी मॉडेल कुठल्या सालचं ते विचारतो, मग किंमत. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र "सेव्हन" ऐकलं की विचारणं थांबतं. २०१७ च्या जानेवारीत आलेल्या आय७-७७००के मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) होते. पुढे २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१०० मध्येही चार कोअर, आठ थ्रेडच आहेत, आणि तो बहुतेक कामांत त्या जुन्या आय सेव्हनच्या पुढे आहे. पेटीवरचा आकडा मोठा म्हणून प्रोसेसर मोठा, असं होत नाही.

हे एवढ्या झपाट्याने का बदललं, तेही सांगतो, कारण तुमचे पैसे वाचण्याचं मूळ तिथे आहे. २०११ ते २०१७ या काळात एएमडी मागे पडली होती. त्यामुळे सर्वसामान्य ग्राहकाच्या बोर्डवरचा इंटेलचा आय सेव्हन सहा वर्षं चार कोअरवरच थांबला. आठ कोअर हवे असतील तर आय७-६९००के घ्या, तोही १०८९ डॉलरला, आणि त्याला बोर्ड वेगळा, महागडा. मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझन ७ १८००एक्स आणला. आठ कोअर, ४९९ डॉलर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने सहा कोअरचा आय७-८७००के काढला, आणि तोवर आय फाइव्हमध्ये मिळणारे चार कोअर आय थ्रीमध्ये देऊन टाकले. सहा वर्षं जे झालं नाही ते काही महिन्यांत झालं. आज इंटेल घेणाऱ्यालाही पैशाचा जो मोबदला मिळतो, तो समोर एएमडी उभी आहे म्हणून. दोघींची ही चुरस टिकायला हवी असं मला मनापासून वाटतं. ग्राहकाने नावाला चिकटून न राहता दर वेळी दोन्हीकडचा भाव आणि काम तोलून पाहिलं, तरच ती टिकेल.

आता तुमच्या पीसीबद्दल. कोटेशन आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, त्यात दोन रकाने होते: डावीकडे आय७-१४७००, उजवीकडे रायझन ५ ७६००. प्रोसेसरच्याच किमतीत त्या दिवशी पंधरा हजारांच्या वर फरक होता. त्यात आय सेव्हनला चांगला कूलर आणि जरा दणकट बोर्ड लागतो, तो खर्च वेगळा. बजेट तेवढंच ठेवायचं तर डाव्या रकान्यात ग्राफिक्स कार्ड गळत होतं आणि रॅम १६ जीबीवर येत होती. उजवीकडे ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड बसत होतं. तुमची कन्या आर्किटेक्चरला आहे. ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट आणि लुमियन ही सॉफ्टवेअर वापरते असं तिने स्वतः सांगितलं. ऑटोकॅड आणि स्केचअप बहुतेक वेळ एकाच कोअरवर चालतात, बाकीचे कोअर बसून राहतात. लुमियन रेंडरिंगचं (मॉडेलवरून चित्रं बनवण्याचं) काम करतं, त्याचा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर. कार्ड नसेल तर वीस कोअरचा आय सेव्हनसुद्धा तिथे उपयोगाचा नाही. ती जर व्ही-रे या सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर, रेंडर करणारी असती, तर मी डावा रकानाच घ्या म्हटलं असतं, कारण तिथे प्रत्येक कोअर कामाला लागतो आणि १४७०० सहज पुढे जातो.

गरम होण्याचा मुद्दा अगदीच निराधार नाही, पण तो जुना आहे. एएमडीची एफएक्स मालिका खरोखर तापायची. २०१३ च्या एफएक्स-९५९० चा टीडीपी (प्रोसेसर साधारण किती उष्णता सोडेल याचा कंपनीचा आकडा) २२० वॅट होता. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये ते पीसी आमच्या टेबलावर धापा टाकत यायचे. ती ख्याती अजून लोकांच्या डोक्यात आहे. रायझन ५ ७६०० चा टीडीपी ६५ वॅट आहे, पूर्ण भारावर तो ८८ वॅटपर्यंत घेतो. आय७-१४७०० ची कमाल टर्बो पॉवर, म्हणजे पूर्ण जोरावर तो घेतो ती वीज, २१९ वॅट. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत रात्रभर सबमिशन चालू असताना हा फरक पंख्याच्या आवाजातच कळतो. तुम्ही फोटोत दाखवलेलं ७१ अंश तापमान रेंडर चालू असतानाचं आहे. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. काळजीचं कारण नाही. मात्र कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि पुढची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा. आपल्याकडे धूळ फार.

भरवशाचं म्हणाल, तर दोन्ही कंपन्यांच्या बाबतीत बातम्या झाल्यात. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर बोर्डवरच जळाले, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलने तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधली अस्थिरता मान्य केली, ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दोन्हींवर उपाय बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेटचाच. म्हणून आमच्याकडून कुठलाही पीसी नवा बायोस टाकल्याशिवाय बाहेर जात नाही. तुमच्या बिलावर बायोसची आवृत्ती आणि प्रोसेसरचा सिरियल नंबर दोन्ही लिहिलेत. रिकामी पेटीही तुम्हाला दिली आहे, ती वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा.

कमिशनचा आरोप मला सर्वांत जास्त लागला, म्हणून स्पष्टच लिहितो. प्रोसेसरचा भाव आज प्रत्येकाला मोबाइलवर दिसतो, त्यात दुकानदाराला मिळतं ते किरकोळ, आणि दोन्ही कंपन्यांत जवळपास सारखं. मला बिल फुगवायचं असतं तर तुम्ही स्वतः मागत होतात तो आय सेव्हनच दिला असता. त्यासोबत मोठा कूलर आणि मोठा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) खपला असता, आणि तुम्ही आनंदाने पाच स्टार दिले असते. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये आणि सीए ऑफिसांत टॅलीसाठी आम्ही आजही मुख्यतः इंटेलचा आय थ्री बसवतो, कारण तिथे ग्राफिक्स कार्ड लागत नाही आणि एच६१० बोर्डवर (तो जुना एच६१ नव्हे) ते काम स्वस्तात होतं. लग्नाचे व्हिडिओ प्रीमिअरवर एडिट करणाऱ्यांनाही बऱ्याचदा नावात एफ नसलेला, म्हणजे आतच ग्राफिक्स असलेला, इंटेलच देतो, कारण त्यातल्या क्विक सिंकने (व्हिडिओ हाताळणाऱ्या भागाने) टाइमलाइन हलकी चालते. कंपनीशी माझं नातं नाही, तुमच्या कामाशी आहे.

आणखी एक गोष्ट कोटेशन देताना बोललो होतो, ती पुन्हा लिहितो. चौदाव्या जनरेशनबरोबर इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) संपलं. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ चा नवा बोर्ड लागतो. तुमचा बोर्ड एएम५ आहे, आणि या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. आधीच्या एएम४ वर लोकांनी २०१७ चा बोर्ड ठेवून बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवलेला मी पाहिलाय. कन्येचं शिक्षण संपून नोकरी लागेल तेव्हा फक्त प्रोसेसर बदलून भागेल, बोर्ड आणि रॅम तशीच राहील. हा हिशेब आजच्या बिलात दिसत नाही, पण पैसे तुमचेच वाचणार आहेत.

एवढं वाचूनही शंका राहिली असेल तर कन्येला तिच्या खऱ्या प्रोजेक्टची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात पाठवा, पीसीही आणा. आमच्याकडे आय७-१४७०० चा डेमो पीसी आहे, त्यात ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे तुमच्या बजेटचा डावा रकाना जसाच्या तसा. तीच फाइल दोन्हींवर उघडू, तेच सीन रेंडर करू, वेळ तुम्ही मोजा. तिचं काम आय सेव्हनवर लवकर झालं तर तुमचा प्रोसेसर आणि बोर्ड बिलाच्या पूर्ण किमतीत परत घेतो आणि आय सेव्हन बसवून देतो. फरकाचे पैसे तेवढे द्यावे लागतील. रविवारी दुकान बंद असतं. शनिवारी दुपारी चारनंतर गर्दी कमी असते, तेव्हा या.