मालकाचे उत्तर : सॅन्ट्रोचा एसी आणि ब्रेक

नमस्कार साहेब. आमच्या गॅरेजला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. एसी आणि बंपरच्या रंगासाठी दहा हजारांच्या आत काम करायला तुम्ही सॅन्ट्रो आमच्याकडे टाकली होतीत. शनिवारी देतो म्हणालेली गाडी सोमवारी मिळाली, त्याबद्दल माफी असावी. इंजिनाचा टायमिंग बेल्ट कोल्हापूरहून मागवला होता आणि मधे रविवार आला.

पण "एसीसाठी दिलेले पैसे न विचारता ब्रेकवर उडवले" असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून रात्री जेवण गेलं नाही. गाडी वर घेतल्या घेतल्या मी स्वतः फोन केला होता. तुम्ही लग्नात होता, मागे बँड वाजत होता. मी म्हणालो, पुढचे ब्रेक पॅड झिजून पार पत्र्याला लागलेत, दहा हजारांत ब्रेक, बेल्ट आणि एसी तिन्ही बसत नाहीत. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, फक्त दहाच्या वर जाऊ नका." बिल ९,६०० झालं. याला न विचारता म्हणायचं का?

पॅड चांगले होते असंही लिहिलंय. जुने पॅड पिशवीत घालून तुमच्या डिकीत ठेवलेत, कुठल्याही मेकॅनिकला दाखवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमचं काळं पडलं होतं. तुम्ही रोज यवतेश्वरचा घाट उतरता. उतारावर ब्रेक तापले की ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल दाबलं तरी नुसतं खाली जातं. अशी गाडी एसी गार करून तुमच्या हातात कशी देऊ?

बेल्टचंही तेच. गाडी सेकंडहँड, टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते तुम्हालाही सांगता आलं नाही. इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवतो तो हा पट्टा. सॅन्ट्रोचा बेल्ट चालू गाडीत तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवावं लागतं. मग दहा हजारांत काही होत नाही. एसीत नुसता गॅस भरून दोन हजार घेणं मला सोपं होतं. पण कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस गार करणारी पुढची जाळी, लीक आहे, तो गॅस टिकला नसता आणि तेव्हाही तुम्ही मलाच बोलला असता. बंपरचा रंग तर राहू द्याच, त्यावाचून गाडी अडत नाही.

इथून पुढे कामाची यादी व्हॉट्सॲपवर पाठवायचं बघतो. पोरगा आहे, त्याला सांगितलंय.

"लुटतात" हा शब्द तेवढा काढलात तर बरं होईल. एक स्टार राहू दे, पण नवं गिऱ्हाईक आधी तेच वाचतं आणि इथे चार माणसांचे पगार आहेत.

आणि हो, पुढच्या दोन्ही टायरची नक्षी झिजून १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकलीय, म्हणजे टायर बदलायला आलेत. बिलाच्या मागे लिहून दिलंय, तुम्ही बहुतेक पाहिलं नाही. एसी पुढच्या उन्हाळ्यात बघू, टायर मात्र पावसाच्या आधी टाका. माझ्याकडेच टाका असं नाही.