चमक गेली, रेडियम नाही

धाकट्या मामांनी परवा रात्री एक फोटो पाठवला. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर त्यांच्या वडिलांचं १९४५ च्या सुमाराचं मनगटी घड्याळ उघडून ठेवलेलं, डायल सुटी, शेजारी दाढीचं पातं. खाली ओळ: "तुझ्याकडे चांगलं भिंग आहे का? आकड्यांवरचं जुनं रेडियम खरवडतोय." मी फोन लावला आणि बोलणं सुरू करण्याआधीच ओरडले, "मामा, पातं खाली ठेवा आणि हात धुवा आधी!"

हा उद्योग त्यांच्या डोक्यात घातला तो जुन्या घड्याळांच्या शौकिनांच्या क्लबात फिरणाऱ्या एका संदेशाने. दुरुस्ती-पुस्तिकांच्या स्कॅनच्या गठ्ठ्याबरोबर तो येतो. म्हणणं असं: २५ वर्षांपेक्षा जुन्या पुस्तिकेवर कुणाचाच हक्क नसतो, क्लब बंदिस्त आहे, म्हणजे वाटण्यात गैर काही नाही, तेल कुठलंही हलकं मशीन ऑइल चालतं, न चमकणारं रेडियम 'मेलेलं' असतं, जुन्या पुस्तिकांत सांगितल्याप्रमाणे बिनधास्त खरवडा, आणि पुस्तिका हाताशी असली की घड्याळजीकडे जायची गरजच नाही. मला हा चार वेळा आला होता. पाचव्यांदा मामांकडून आला.

रेडियमपासून सुरू करते. बाकीच्या चुकांनी घड्याळ बिघडेल, या चुकीने माणूस.

जुन्या डायलींच्या चमकत्या रंगात रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असायचं. पण अंधारात चमकतं ते रेडियम नव्हे. रंगात मिसळलेलं झिंक सल्फाइड चमकतं, रेडियमच्या किरणांचा मार खाऊन. वर्षानुवर्षं मार खात ते निकामी होतं आणि डायल विझते. रेडियम-२२६ चा अर्धायुष्यकाळ, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, मात्र सुमारे १६०० वर्षं. मामांच्या डायलवर ८० वर्षांपूर्वी जेवढं होतं त्यातलं ९६ टक्क्यांहून जास्त आजही तिथेच आहे. बल्ब उडालाय, तारेत करंट आहे.

काच बंद असेपर्यंत रेडियममधून सुटणारे अल्फा कण काचेपलीकडे जात नाहीत, म्हणून ही घड्याळं कपाटात निमूट बसलेली वाटतात. पातं लावलं की त्याच रंगाची भुकटी होते, आणि ती श्वासातून, बोटांवरून पोटात जाते. शरीर रेडियमला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. १९१७ पासून न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी घड्याळाच्या डायली रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायच्या. त्यांचे जबडे झिजले, कित्येक जणी मेल्या. पाच जणींचा खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला.

"एवढ्याशा डायलने काय होतंय" म्हणणाऱ्या संग्राहकांसाठी आणखी एक. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दॅम्प्टन आणि किंग्स्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी रेडियमच्या डायलची ३० जुनी लष्करी घड्याळं तपासली. ती लहान खोलीत ठेवली तर रेडियमपासून तयार होणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचं प्रमाण तिथल्या शिफारशीतल्या मर्यादेच्या १३४ पट भरलं. आणि ही घड्याळं कुणी खरवडलेली नव्हती.

राहिला "जुन्या पुस्तिकेत लिहिलंय" हा मुद्दा. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत भाग उजळवायला पोटॅशियम सायनाइडसुद्धा सांगितलेलं सापडतं. तेही करणार का? जुन्या इंग्रजी पुस्तकांतलं 'बेंझीन' हे पेट्रोलियमपासून काढलेलं द्रावक. इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकाने दुसरं बेंझीन होतं, ते कर्करोग करणारं. मराठीत दोन्ही सारखीच लिहितात. संदेशातल्या मराठी सारांशात नुसतं "बेंझीनने धुवा" आहे. कुठल्या?

तेलाचं थोडक्यात. ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४-२ या मनगटी घड्याळाच्या यंत्राचं तांत्रिक पत्रक बघा. तासाला २८,८०० ठोके देणारं यंत्र, आणि त्यात बॅलन्सच्या, म्हणजे डोलणाऱ्या चाकाच्या, पिव्हटला (आसाच्या टोकाला) पातळ तेल, सावकाश फिरणाऱ्या जागांना दाट, चाकाला ठोक्यागणिक अडवून सोडणाऱ्या पॅलेटच्या खड्यांना तिसरंच वंगण. बॅलन्सला डोलवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगला तर थेंबसुद्धा नाही. लागला की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड पडते आणि घड्याळ भरधाव सुटतं. मग हेच लोक विचारतात, "तेल घातल्यापासून पुढे का जातंय?"

हक्काबाबत अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य करते. अमेरिकी लष्कराची घड्याळदुरुस्तीची १९४५ ची पुस्तिका, टीएम ९-१५७५, खरोखर कुणीही वाटावी. पण ती जुनी आहे म्हणून नव्हे, तर अमेरिकी सरकारच्या कामावर तिथे कॉपीराइट नसतो म्हणून. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात २५ वर्षांचा किमान आकडा आहे खरा, पण छायाचित्रांसाठी. लेखनासाठी लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं, आणि बऱ्याच देशांत त्याहून जास्त. शेकडो लोकांना अख्खं पुस्तक पाठवलं तर दाराला कडी आहे म्हणून ते खासगी होत नाही. कंपनी बुडाली, पुस्तिका कुठेच मिळत नाही, अशा वेळी अडलेल्याला एखादं पान मीही पाठवलंय, मलाही कुणीतरी पाठवलंय. पण "पूर्ण कायदेशीर, पुढे पाठवा" असं त्याखाली लिहिण्याची हिंमत मला झाली नसती.

आणि पुस्तिका असली की घड्याळजी नको? टीएम ९-१५७५ लष्कराच्या दुरुस्ती विभागातल्या लोकांसाठी लिहिलेली. कंपन्यांच्या पुस्तिका तर हात बसलेल्या कारागिरासाठीच असतात. मामांच्या पानावर "काटे काढा" एवढंच होतं. मामांनी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटले. बाराच्या बाजूला दोन ओरखडे आहेत.

डायल आता पिशवीत बंद आहे. टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकंही पिशवीत बांधा, असं सांगितलं. पातं लावलं होतं का, हे तीनदा विचारलं. दोनदा "छे" म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "फक्त सहावर. जरासंच."