कयाकचा नांगर: वीट, दगड आणि निरगाठ

कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या होडीवरून, मासे धरणाऱ्या आणि पक्षी बघणाऱ्या मंडळींत एक सल्ला जोरात फिरतोय. त्याचा मतितार्थ असा: विकतचा नांगर म्हणजे पैशाची नासाडी. पाच-सहा किलोचं काहीही घ्या, वीट, दगड, डंबेल. पाण्याच्या खोलीपेक्षा हातभर जास्त दोर सोडा, तो बसायच्या जागेशेजारी पक्का बांधा आणि अडकलाच तर जोर लावून उपसा. यातलं एकही वाक्य धड नाही. खानदेशातल्या हतनूर धरणाचा फुगवटा किंवा सारंगखेडा, प्रकाशा इथल्या बॅरेजमागचं (दरवाजांच्या बंधाऱ्यामागचं) तापीचं पाणी डोळ्यांसमोर ठेवून एकेक बघू.

«वजन असलं की झालं.» दोन विटा काठावर सहा किलो भरतात, पाण्यात त्यांचा भार जेमतेम तीन किलो उरतो. काळ्या दगडाचा एक तृतीयांश भार जातो, लोखंडाचा साधारण आठवा हिस्सा. पण खरा मुद्दा वजनाचा नाहीच. शेतातल्या आणि नावेच्या अवजाराला आपण एकच शब्द वापरतो, तो उगाच नाही. नांगर धरतो तो फाळ मातीत घुसतो म्हणून. वीट तळावरून नुसती घसरते. वैशाखात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की कयाक विटेसकट चालू लागते.

मग कोणता घ्यावा? सर्रास मिळतो तो चार आकड्यांचा (हुकांचा) घडीचा नांगर. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ पाहिला असेल, तर त्याचाच हा धाकटा भाऊ समजा. दीड किलोचा एका माणसाच्या कयाकला पुरतो. तो दगडधोंड्यांत आणि पाणवनस्पतींत छान धरतो, पण मऊ गाळातून कंगव्यासारखा निघून येतो. चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमाकडे किंवा हतनूरच्या उथळ भागात गाळच असतो. तिथे रुंद पंजाचा एक-दीड किलोचा नांगर बरा. पाणी कमरेइतकंच असेल तर नांगराचा नाद सोडा. अडीच मीटरचा बांबू गाळात रोवून त्याला कयाक बांधा, आवाजही होत नाही आणि पक्षीही उडत नाहीत.

«खोलीपेक्षा हातभर जास्त दोर.» चार मीटर पाण्यात साडेचार मीटर दोर सोडला, तर तो ताणल्यावर तळाशी साधारण 63 अंशांचा कोन करतो. म्हणजे तुम्ही नांगर आडवा ओढत नाही, वर उचलताय. बारा मीटर सोडला की हाच कोन 20 अंशांच्या आत येतो आणि फाळ रुततो. म्हणून शांत पाण्यात खोलीच्या तिप्पट दोर धरा, वारा असेल तर पाचपट. दोर सहा मिलिमीटरचा नायलॉनचा असावा. बाजारातला स्वस्त पीपी (पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकचा) दोर पाण्यावर तरंगतो आणि मोटरबोटीच्या पंख्यात जातो. दोर आणि नांगर यांच्यामध्ये दोन फूट साखळी घाला, ती नांगराचा दांडा खाली दाबून धरते. टाकताना भिरकावू नका. हळू सोडा, कयाक मागे जाऊ द्या, दोर पुरता सुटला की एक हिसका द्या. नांगर बसला का ते काठावरचा खांब आणि त्याच्या मागचं झाड एका रेषेत धरून कळतं. रेषा मोडली तर तुम्ही सरकताय.

«बसायच्या जागेशेजारी पक्का बांधा.» चौघांतला हा सल्ला जिवावर बेतणारा. कुशीला बांधलेली कयाक वाऱ्याला किंवा धारेला आडवी होते. दोर एक कड खाली ओढतो, त्या कडेवरून पाणी चढतं आणि बघता बघता ती उलटते. ओढ नेहमी टोकावर हवी, पुढच्या नाहीतर मागच्या. पण बसल्या जागेवरून टोकापर्यंत हात पोचत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना एकेक छोटी पुली लावून कडेने दोरीचं वेटोळं फिरवतात आणि त्यात एक कडी अडकवतात. तीन मीटरच्या कयाकला अशी सहा-सात मीटर दोरी लागते. नांगराचा दोर त्या कडीतून ओवून घ्यायचा, दोरी ओढून कडी टोकाला न्यायची आणि दोराचं दुसरं टोक हाताशी असलेल्या खुंटीला अडकवायचं.

तिथे निरगाठ नको, सुरगाठ मारा. एका हिसक्यात सुटली पाहिजे, डाव्या हाताने आणि न बघतासुद्धा. दोराच्या टोकाला एखादं रिकामं झाकणबंद कॅन बांधलेलं असलं की दोर सोडून देता येतो आणि नंतर परत येऊन नांगर काढता येतो. लाइफ जॅकेटला अडकवलेला चाकू यापुढची गोष्ट, पण तो असावाच.

«अडकला तर जोर लावा.» बुडालेल्या बाभळीची खोडं, जुन्या बांधांचे दगड, मच्छीमारांची जाळी, फुगवट्याच्या तळाशी काय काय असतं. बाजूला झुकून ओढाल तर नांगर येणार नाही, तुम्ही पाण्यात जाल. यावरचा इलाज टाकायच्या आधीच करायचा असतो. साखळी नांगराच्या वरच्या कडीत न अडकवता बुडाच्या कडीत शॅकलने (पिन लावून बंद होणाऱ्या लोखंडी कडीने) अडकवा, दांड्याला लागून वर आणा आणि वरच्या कडीशी बारीक, अडीच मिलिमीटरच्या केबल टायने (वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने) बांधा. अडकला की कडी पुढच्या टोकाला घ्या, वल्ही मारत नांगराच्या पलीकडे जा आणि तिकडून ताण द्या. टाय तुटते आणि नांगर बुडाकडून, जसा घुसला तसाच, उलटा निघतो. वाऱ्यानेच टाय तुटत असेल तर दोन लावा. तीन लावल्या तर ती निरगाठच झाली.

जाळं अडकलं असेल तर मात्र ते कापू नका, दोर सोडा. जाळं कोणाच्या तरी पोटाचं असतं.

याच सल्ल्याला कोणीतरी पुढे जोडलंय की धार जास्त असेल तर वजन दुप्पट करा. धारेचा वेग दुप्पट झाला की कयाकवरचा ताण चौपट होतो, त्यामुळे हा हिशेबच जुळत नाही. शिवाय जड वजन आणि घट्ट दोर यांनी पुढचं टोक पाण्याखाली ओढलं जातं. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की खालच्या तापीत कयाकच घालू नये, आणि बॅरेजच्या दरवाजांजवळ तर बाराही महिने नांगर टाकू नये.