शेठ माशा मारताना

परवापासून कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी कुठल्याही टपरीवर उभा राहिलो की कोणीतरी माझ्याकडं बघून हवेत अंगठा आणि बोटाची चिमूट मारतो. काल चहावाल्या पोरानंही मारली. याच्या मुळाशी एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ आहे आणि आमच्या फौंड्रीवाल्यांच्या ग्रुपवर त्याखाली कोणीतरी लिहिलंय, 'शेठ माशा मारताना'. धंदा जोरात असता तर मीही हसलो असतो.

मी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना, आणि कास्टिंग, म्हणजे त्यावरून ओतलेला धातूचा भाग, यांची थ्री-डी मॉडेलं करून देतो. डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे, पण जुन्या आवृत्तीचं, एकरकमी पैसे मोजून घेतलेलं. पुण्याची गिऱ्हाइकं फाईल पाठवतात नव्या आवृत्तीतली, ती माझ्याकडं उघडत नाही. मग मी लाजतकाजत 'जरा स्टेप फाईल पाठवता का' म्हणून फोन करायचा. स्टेप कुठल्याही डिझाइनच्या सॉफ्टवेअरात उघडते, पण मुकी असते. आकार दिसतो, तो कसा घडत गेला ते काही सांगत नाही. एक रिब, म्हणजे आधाराची पट्टी, दोन मिलिमीटर सरकवायची म्हटली तरी आधी ती खरवडून काढा, मग नव्यानं घाला. नवी आवृत्ती घ्यावी तर आता ती विकत मिळतच नाही, वर्षाच्या भाड्यानं मिळते. भाडं थकलं की कुलूप. भाच्यानं फ्रीकॅड सुचवलं, ते फुकट आहे. पूर्वी त्यात सुरुवातीचं एखादं माप बदललं की पुढची गोलाई भलत्याच कडेला जाऊन बसायची. 2024 च्या 1.0 आवृत्तीत त्यावर बराचसा इलाज केलाय म्हणे. म्हणे अशासाठी, की मी अजून धडा तिसऱ्यावर आहे.

तर भाड्याचे पैसे कसेबसे बाजूला काढले आणि नेमका त्याच दिवशी एका विक्रेत्याचा पोरगा मिक्स्ड रिॲलिटीचा, म्हणजे खऱ्या खोलीत खोट्या वस्तू दाखवणारा, हेडसेट घेऊन दारात. "सर, सॉफ्टवेअर काय सगळेच घेतात. एवढ्याच पैशात हे येतंय बघा."

अर्धा किलोचा तो डबा मी कपाळाला बांधला. आतून माझं वर्कशॉपच दिसत होतं, थोडं दाणेदार. लेथ, व्हाइस, गेल्या वर्षाचं कॅलेंडर, सगळं जागच्या जागी. आणि टेबलावर एक पंपाची केसिंग, म्हणजे त्याचं बाहेरचं कवच. खोटं कशाला बोलू, मी हरखलो. वाकून तिच्या पोटात डोकं घातलं. उभी हयात मी केसिंगच्या पोटात दाताच्या डॉक्टरसारखा आरसा घालून बघत आलोय. इथं पाण्याची वाट आतून, गुहेत उभं राहून बघावी तशी दिसत होती.

तेवढ्यात शेजारचे आबा आले. आबा पॅटर्न मेकर. सत्तरी गाठली तरी सागवानाच्या फळीवर हात फिरवून ओल सांगतात.

"काय दिसतंय?"

"केसिंग, आबा."

"कुटं?"

"ह्या टेबलावर."

"टेबलावर माझा चहा हाय."

"हो, त्याच्यावरच आहे."

"मग चहा काडू का?"

"नको आबा, लागत नाही तिला."

आबांनी तरी कप उचलला. टेबलाला एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं. मला डब्यातून सगळं दिसत होतं. माझ्या केसिंगमधून आबांची टोपी आरपार गेली.

"बिडाची हाय का ॲल्युमिनियमची?"

"आबा, ती नुसत्या उजेडाची आहे."

आबांनी क्षणभर विचार केला. "मग श्रिंकेज, आटणं किती धरलंय?"

विक्रेत्याचा पोरगा हसला. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न बिनतोड होता. बीड थंड होताना शेकडा एकभर आटतं, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त, स्टील दोनाच्या आसपास. म्हणून आबांच्या खिशातली पट्टीसुद्धा खोटी असते. तिच्यावरचे शंभर मिलिमीटर खरे एकशे एक भरतात. मी पोराला विचारलं, "ह्यात आटणं धरलंय का?" तो म्हणाला, "सर, ते तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं."

"आणि ह्या भोकात 6206 नंबरचं बेअरिंग बसतं. भोक 62 मिलिमीटरचं आहे का मोजता येईल?"

"सर, इथं आणताना मॉडेलचे त्रिकोण होतात. गोल दिसतं गोल, पण असतो बहुकोन. अचूक माप तुमच्या सॉफ्टवेअरमध्येच."

म्हणजे वरात बघायला गॅलरी घ्यायची, आणि नवरदेव कुठाय म्हटलं की तो तुम्हीच आणायचा.

आबांचं अजून संपलं नव्हतं. "वजन किती भरंल हिचं?"

"शून्य."

"आन् किलोला काय भाव लावणार तू?"

हे मात्र लागलं. कास्टिंग किलोवर जातं. पॅटर्नला लाकूड दिसतं, म्हणून त्याचेही चार पैसे सुटतात. मी चार रात्री जागून केलेलं मॉडेल गिऱ्हाईक पेन ड्राइव्हवर घेतं आणि म्हणतं, "हे काय, पॅटर्नबरोबरच येतं ना?" त्याच गिऱ्हाइकाला हा डबा बांधला की ते तासभर "वा, वा" करील, चहा पिऊन जाईल, आणि जाताना दर कमी करायला सांगेल.

मग आबांना डबा चढवून बघायचा होता. टोपी काढली, चष्मा काढला, पुन्हा घातला. पोरगा म्हणाला, "अंकल, अंगठा आणि पहिलं बोट जुळवा, म्हणजे केसिंग पकडता येईल." आबांच्या उजव्या हाताचं ते बोट मधल्या पेरावरच संपतं. त्यांनी तीनदा जुळवलं. केसिंग ढिम्म.

"अंकल, सेन्सरला तुमचा हात नीट कळत नाहीये."

"त्याला म्हणावं, ऱ्हायलेलं बोट बँडसॉला इचार."

"डाव्या हातानं करा ना."

"डाव्यात तंबाखू हाय."

शेवटी कसं पकडायचं ते दाखवायला डबा पुन्हा मीच बांधला आणि हवेत चिमटे काढत राहिलो. दारात चहावाला पोऱ्या मोबाइल धरून उभा होता, हे डब्यातून दिसत असूनही मला कळलं नाही. मला वाटलं, पोरगं कौतुकानं बघतंय.

जाताना विक्रेत्याच्या पोरानं शेवटचा बाण सोडला. "सर, बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा बनवला. तुम्ही मागं राहणार का?" बरोबर आहे बाबा. पण त्यांनी तो बनवला. दरवर्षी भाडं भरून आणला नव्हता, आणि उद्या तिकडच्या कंपनीनं हात वर केले तर काय, ही धास्तीही त्यांना नव्हती. मायक्रोसॉफ्टनं साडेतीन हजार डॉलरचा असाच एक डबा, होलोलेन्स 2, आणला 2019 ला, आणि 2024 मध्ये बनवायचाच थांबवला. ज्यांनी घेतला ते आता काय करत असतील कोण जाणे. आमच्याकडं आजोबांच्या वेळचा लेथ अजून दोन शिफ्टमध्ये चालतो.

सॉफ्टवेअरचं भाडं काल भरलं. भरताना बोट जड झालं, पण ती पुण्याची फाईल एकदाची उघडली. आत गिऱ्हाइकानं श्रिंकेज धरलेलंच नव्हतं.

आज सकाळी आबा कप घेऊन आले. टेबलापाशी थांबले, कप हवेतच धरला.

"ठेवू का हितं? का केसिंग हाय अजून?"